जांभळ्या धाग्याची सातवी ओळ

"तुझं गाव कोणतं?" असं कुणी विचारलं की मला आधी राग येतो आणि मग उत्तर सुचतं. आता उत्तर आहे : केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. कागदावरही तेच आहे. पण वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत हा प्रश्न कानावर पडला की मी समोरच्यालाच विचारायची, "का, पोचवायला गाडी पाठवताय?" आई मागून चिमटा काढायची. परक्या गावात राहणाऱ्यानं जीभ आवरून राहावं असं तिचं मत होतं. माझी जीभ काही ते मनावर घेत नव्हती.

जन्म माझा सुरतेचा. वडील कापडाच्या लूमवर कामाला होते. खाडीकाठच्या एका खोलीत आम्ही राहायचो आणि तिथल्या मराठी शाळेत मी सातवीपर्यंत शिकले. वडील तापानं गेले, आणि त्याच पावसाळ्यात खाडीचं पाणी खोलीत शिरलं. आम्ही दोघी शेजारच्या स्लॅबवर चढून वाचलो, पत्र्याची पेटी तेवढी वाचली नाही. पेटीत काय काय होतं ते आम्हाला पुढच्या तीन वर्षांत एकेका खिडकीवर कळत गेलं. माझा जन्मदाखला त्यात होता, शाळेतून काढून ठेवलेला दाखला त्यात होता, आणि रेशनकार्डही त्यातच. शाळेत फोन लावून घेतला, तर ती शाळा दुसऱ्या शाळेत मिसळून गेलेली आणि जुनं रजिस्टर कुणाला सापडेना. आईच्या माहेरी जाऊन काही शोधावं तर तिला माहेरच नव्हतं. ती वीटभट्टीवर जन्मलेली. तिच्या आईबापांनी भट्टी बदलली की तिचं गाव बदलायचं.

सुरतेहून आम्ही आधी परतूरला आलो. जिनिंगमध्ये आईला काम मिळालं, पण कापसाचा हंगाम संपला की ते संपायचं. तिथल्याच एका बाईनं सांगितलं की भोकरदनच्या बाजूला शेडनेटात क्रॉसिंगला बाया लागतात, राहायला खोली देतात, आणि सावलीतलं काम आहे. सावलीतलं म्हटल्यावर आईनं दुसरं काही विचारलं नाही. अशा आम्ही केदारखेड्यात आलो. मी पंधरा वर्षांची होते आणि माझ्या नावाचं चिटोरंसुद्धा कुठं नव्हतं.

क्रॉसिंग म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. हिरव्या जाळीच्या मांडवात मिरचीच्या ओळी असतात. एका जातीच्या फुलाला दुसऱ्या जातीचे पराग लावायचे आणि त्यातून संकरित बी तयार करायचं, हे आमचं काम. दुपारनंतर, उद्या उमलेल अशी कळी शोधायची. चिमट्यानं ती अलगद उघडायची आणि आतले परागाचे कोष फुटायच्या आत एकूण एक काढून टाकायचे. याला आम्ही नर काढणं म्हणायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटात अंगठी घालायची. त्या अंगठीला इवलीशी वाटी असते, तिच्यात दुसऱ्या जातीचे पराग. त्यात फूल टेकवायचं आणि देठाला लोकरीचा धागा बांधायचा. धाग्याच्या मिरच्या बियाण्याला राहतात, बिनधाग्याच्या तोडून टाकतात.

यात एकच पाप असतं. कळी जास्त मोठी झाली असेल, आतले कोष आधीच फुटलेले असतील, तर ते फूल स्वतःच्याच परागानं फळतं. धागा बांधला तरी ते खोटंच. आणि ती मिरची दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी. खोट कळते ती पुढं, कंपनी ते बी पेरून रोपं तपासते तेव्हा. मग थोड्या मिरच्यांपायी सगळा माल नापास होतो आणि शेतकऱ्याचं अख्खं वर्ष जातं.

आमच्या प्लॉटची मालकीण म्हणजे काकू. काका होते, पण ते ठिबकच्या मोटरीपाशी असायचे आणि महिन्यातून एखादं वाक्य बोलायचे. बाकी सगळा कारभार काकूंचा, आणि आवाज असा की त्या नेटच्या एका टोकाला बोलल्या की दुसऱ्या टोकाच्या बायांची पाठ आपोआप सरळ व्हायची. त्यांची एक पद्धत होती, जी मी नंतर कुठल्याच प्लॉटवर पाहिली नाही. प्रत्येक बाईला त्या वेगळ्या रंगाची लोकर देत. कुणाचं काम कसं हे धाग्यावरून कळावं म्हणून. मी गेले तेव्हा लाल, पिवळा, पांढरा, सगळे चांगले रंग जुन्या बायांनी धरलेले. काकूंनी घरातून आपला एक जुना जांभळा स्वेटर आणला, माझ्यासमोर उसवला आणि म्हणाल्या, "हे घे. हा रंग तुजा."

काम मला लवकर आलं. डोळे तीक्ष्ण होते आणि बोटं बारीक. पहिल्या हंगामात काकू माझ्या ओळी रोज तपासायच्या, मग दोन दिवसांनी, मग तपासायच्याच नाहीत. याचा मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू. आई म्हणायची, "मिरची हाय ती, लई चढू नको." पण मला मिरचीवर थांबायचं नव्हतं. मला दहावी करायची होती. परागांच्या पुड्या ज्या कागदात यायच्या ते वर्तमानपत्राचे तुकडे मी पाठ होईपर्यंत वाचायची. अर्ध्यावर फाटलेल्या बातमीचा शेवट काय असेल यावरून माझा दिवस जायचा.

शेवटी एका रविवारी मी एकटीच हायस्कूलच्या हेडसरांच्या घरी जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला दहावीला बसायचंय. त्यांनी दाखला मागितला. मी म्हटलं, "वाहून गेला." ते हसले. मी हसत नाही हे पाहून ते थांबले. त्यांनी तिथंच पायरीवर बसवून मला दोन गणितं घातली. एक आलं, एक नाही आलं. नाही आलं ते मी त्यांना परत समजावून सांगायला लावलं, आणि मला वाटतं त्यांनी माझ्यासाठी धावपळ केली ती त्या न आलेल्या गणितामुळे.

बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरतात. दाखला हरवला असेल तर आईचं प्रतिज्ञापत्र चालेल असं सर म्हणाले. पण इथं राहतेस याचा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला हवाच. "बाकीचं मी बगतो," ते म्हणाले, "पन तू हायेस, हितंच ऱ्हातेस, एवढं तरी कुनाकडून लिहून आन." त्यांनी मुलीची जुनी पुस्तकं दिली आणि मी पुढचे दोन महिने शेडनेटच्या हिरव्या उजेडात, जेवणाच्या सुट्टीत, भूमिती केली. माझ्या डोक्यात अजूनही सगळे त्रिकोण हिरवे आहेत.

दाखल्याचं मात्र अडलं. ग्रामसेवकाकडे तीन गावं होती, आमच्याकडे तो फक्त गुरुवारी यायचा. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला माझ्या जागी एक प्रश्न दिसायचा. "गावातले दोन पंच आन," तो म्हणाला, "सातबारावाले. ह्या पोरीला आमी ओळखतो, अशी सही करनारे. मंग देतो." तोवर फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती, शुक्रवार. म्हणजे माझ्या हातात एकच गुरुवार होता.

बुधवारी सकाळी मी काकूंना विचारलं. विनवण्या कराव्या लागतील म्हणून दोन दिवस वाक्यं जुळवून ठेवली होती. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "येते की. उद्या दोन वाजता. आन् ह्यान्ला बी आन्ते." बस, एवढंच. माझी सगळी वाक्यं वाया गेली आणि मला उगाच रागच आला.

त्याच दुपारी आईला घेऊन प्रतिज्ञापत्रासाठी भोकरदनला जायचं होतं. काकू म्हणाल्या, "सातवी वळ तेवढी उरकून जा." बस तीनला. मी सातव्या ओळीत शिरले ते बसच्याच घाईत. नेमक्या कळ्या शोधायला वेळ लागतो, मोठ्या कळ्या पटकन दिसतात. मी मोठ्या घेतल्या. अर्ध्या ओळीत चिमट्याच्या टोकाला बारीक भुकटी दिसली. भुकटी म्हणजे कोष फुटलेत. हे मला जितकं कळत होतं तितकं नेटमधल्या कुणालाच कळत नसेल. मी चिमटा ओढणीला पुसला आणि पुढची कळी धरली. गुरुवारी सकाळी त्याच फुलांना पराग लावले आणि एकेका देठाला माझा जांभळा धागा बांधला. बांधताना मी एकदाही थांबले नाही, याचीच मला आजही जास्त लाज वाटते.

दोन वाजता आम्ही ग्रामपंचायतीत होतो. मी, आई, काकू आणि धुतलेला शर्ट घातलेले काका. ग्रामसेवकानं कागद पुढं केला आणि काकूंना विचारलं, "ह्या पोरीला ओळखता का?"

काकूंना हा प्रश्न आवडला नाही. "दीड साल झालं बगून राह्यले तिला," त्या म्हणाल्या. "माज्या नेटात बारा बाया हायेत. साऱ्यांच्या वळी मी दोनदा तपासते. जांभळा धागा दिसला की मी फुडं जाते. तिथं बगावं लागत न्हाई. आनिक काय ओळख पायजे?" आणि त्यांनी पेन घेतलं.

त्या क्षणी मी गप्प राहिले असते तर दाखला मिळाला असता. हे मला पक्कं ठाऊक होतं. आई शेजारी उभी होती, तिच्या पदराच्या टोकाला प्रतिज्ञापत्र गुंडाळलेलं होतं, आणि तिचा चेहरा तीन वर्षांत पहिल्यांदा सैल झाला होता. मी म्हटलं, "काकू, सही करू नका. सातवी ओळ खोटी आहे."

कुणाला काही कळेना. मी सगळं सांगितलं. मोठ्या कळ्या, भुकटी, ओढणी. बोलता बोलता आवाज चढला, जणू चूक त्यांचीच होती. राग आला की माझं असंच होतं, आणि तो राग स्वतःवरचा असला तर जास्तच. काकूंनी पेन टेबलावर ठेवलं. उठल्या आणि निघून गेल्या. काका त्यांच्या मागं. ग्रामसेवकानं कागद परत ओढून घेतला. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जा तिच्या मागं. इथं काय बगती?"

मी पळत नेटवर पोचले तेव्हा काकू सातव्या ओळीत वाकलेल्या होत्या. जांभळा धागा दिसेल ते फूल खुडत होत्या. मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. दोघी मधल्या झाडाकडे येत होतो. एकेक धागा तोडताना मला माझा दाखला तुटताना दिसत होता. मी रडत होते आणि खुडत होते. एकही फूल सोडलं नाही. जी चांगली असतील अशी शंका होती तीही तोडली.

मधल्या झाडापाशी आमची डोकी जवळजवळ आपटली. काकू सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवला आणि खुडलेल्या फुलांच्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "तुला म्हाईत व्हतं. मला दिसलं नसतं."

"हो."

"कंपनीवाल्याला बी पुढच्या सालापस्तोर दिसलं नसतं."

"हो."

"मंग तवर थांबायचं की, बाई. दाखला तरी हातात पडला असता." त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जसं त्यांनी मला नुकतंच पाहिलंय. मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "हुबी काय राह्यलीस? तोंड धू. त्यो बाबा पाचला कुलूप लावून जातो. चल जल्दी!"

काकांनी मोटरसायकल काढलीच होती. आम्ही तिघं एका गाडीवर बसलो, काकूंच्या आणि काकांच्या मध्ये मी. ग्रामसेवक खरंच कुलपाला किल्ली लावत होता. काकूंनी त्याच्या हातातली किल्ली जवळजवळ ओढलीच. "उघड," त्या म्हणाल्या. "दुपारी मी तुला म्हन्ले, मी हिला ओळखते. तवा मी अर्धंच ओळखत व्हते. आता लिव्ह."

तो बिचारा कागद काढू लागला. काकूंनी सही केली, मोठी, रेघेच्या बाहेर जाणारी. मग काकांनी पेन घेतलं, सही केली, आणि त्या महिन्याचं आपलं वाक्य खर्ची घातलं : "पोरगी आमच्याच गावची हाय."

आई कार्यालयाच्या पायरीवर बसून होती. दुपारपासून तिथंच. आम्ही गेल्यावर ती उठून खोलीवर गेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. काकू तिला म्हणाल्या, "ऊठ माय, झालं." आई उठली आणि तिथल्या तिथं मला एक धपाटा घातला. मग पदरानं माझं तोंड पुसलं, जे मी आधीच धुतलं होतं.

शुक्रवारी हेडसरांनी फॉर्म भरला. जन्मतारखेपाशी ते अडले. वाहून गेलेल्या दाखल्यावरची तारीख मला आठवत नव्हती आणि प्रतिज्ञापत्रात नुसतं साल होतं. आमच्या भागात ज्याला तारीख माहीत नाही त्याची शाळेत एक जून लिहितात. अर्धा गाव एक जूनला जन्मलेला आहे, आमचे ग्रामसेवकसुद्धा. सरांचं पेन एक जूनकडे वळलंच होतं तेवढ्यात आई म्हणाली, "ही झाली तवा आभाळ पतंगांनी भरलं व्हतं. सुईण बी एकीकडं पतंगच बगत व्हती." सुरतेत पतंगांचा दिवस एकच, संक्रांतीचा. सरांनी प्रतिज्ञापत्रावरचं साल पाहिलं, मान हलवली आणि ती तारीख लिहिली. म्हणजे गंमत अशी की सगळे कागद असलेल्यांच्या गावात खरी जन्मतारीख बहुतेक माझ्या एकटीचीच आहे.

परीक्षेचं केंद्र तालुक्याला होतं. गणितात मी घाबरले, इंग्रजीत अंदाजानं लिहिलं. पण विज्ञानाच्या पेपरात फुलाची आकृती आली. परागकोष, कुक्षी, परागण, नावं द्या आणि वर्णन करा. मी वर्गात मोठ्यानं हसले. पर्यवेक्षक बाईंनी वळून पाहिलं. ज्या गोष्टी मी दोन हंगाम वाकून वाकून, मान दुखेपर्यंत केल्या होत्या, त्या कुणीतरी मला आदरानं विचारत होतं. मी पुरवणी मागून घेतली आणि आवश्यक त्याच्या दुप्पट लिहिलं.

उपकार हा शब्द मला कधीच आवडला नाही. तो ऐकला की मान खाली घालावी लागेल असं वाटायचं. गावात पहिल्या वर्षी कुणी पाण्याची घागर भरू दिली तरी मी तोंड वाकडं करून भरायची. आज मी जालन्यात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकऱ्यांचं बी पेरून, रोपं वाढवून, खोटं रोप कोणतं ते शोधते. नजर तीच, आता तिला पदवी आहे एवढंच. आणि या टेबलाशी बसून मला कळलं की आभार मानायला मान खाली घालावी लागत नाही. काकूंनी मला दिलेलं पुष्कळ होतं, पण दया त्यात नव्हती. त्यांनी माझं काम पाहिलं, माझी चूक पाहिली, आणि दोन्हीची नीट किंमत केली. अशा माणसाचे आभार ताठ मानेनं मानता येतात. मी मानते. पाण्याच्या घागरीचेसुद्धा मानते, उशिरा का होईना.

निकाल लागला तेव्हा मी पहिल्या वर्गात पास होते. गुणपत्रक हातात आलं त्या दिवशी मी ते घेऊन थेट नेटवर गेले. काकूंनी हात धुतले, पदराला पुसले, तरी कागदाला हात लावला नाही. "तूच वाच," म्हणाल्या. मी मोठ्यानं वाचलं. साऱ्या बायांनी चिमटे थांबवले. आई तिच्या ओळीतून उठून आली.

आमच्या बोर्डाच्या गुणपत्रकावर विद्यार्थ्याच्या नावाखाली आईचं नाव वेगळं छापतात. मला हे माहीत होतं, तिला नव्हतं. भट्टीवर जन्मलेली, तीन वर्षं एकेका खिडकीवरून परत पाठवलेली माझी आई, तिचं नाव तिनं छापलेलं कधी पाहिलं नव्हतं. वाचता तर तिला येतच नव्हतं. मी तिचं बोट धरलं आणि त्या नावावर ठेवलं. म्हटलं, "ही तू."

तिनं बोट उचललं नाही. नाक मुरडून म्हणाली, "लहानच लिवलंय."

"लहानच लिहितात, आई."

"असू दे," ती म्हणाली. मग बोट तसंच ठेवून तिनं मान वळवली आणि काकूंसारख्या आवाजात, नेटच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल असं ओरडून सांगितलं, "पन ही मीच हाय!"